गोधडीची खिडकी

अकोळनेरच्या मुबारकबी पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकल्या, आणि तीही एकच. नवऱ्यानं, गनीभाईंनी आणलेल्या, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या जुन्या हायब्रीड गाडीला क्लच नव्हता, गिअर बदलायचे नव्हते. मुबारकबींनी मोकळ्या बाजारतळावर दोन चकरा मारल्या आणि मग उतरायचं नावच घेईनात. तेव्हापासून झेंडूच्या गोण्या गनीभाईंच्या टेम्पोतून बाजारात जात, आणि नाजूक गुलाबाच्या पेट्या मुबारकबी शिर्डीच्या हारवाल्यांना स्वतः पोचवत. येताना कोल्हारला बहिणीकडे चहा ठरलेला. तो चहा मात्र त्या कुणासाठी सोडणाऱ्या नव्हत्या.

उन्हाळा लागला आणि राहुरी ओलांडली की बॅटरीचा लाल दिवा लागू लागला. गॅरेजवाल्यानं यंत्र जोडून पाहिलं. बॅटरी तापतेय, वयही झालंय, बहुतेक बदलावी लागेल, असं तो म्हणाला आणि खर्चाचा अंदाज सांगितला. गनीभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. हत्ती घ्यायला परवडतो, पोसायला नाही, असं म्हणत त्यांनी काष्टीच्या एका गिऱ्हाइकाला शुक्रवारी बोलावलं. गाडी विकून डिझेलवरची पिकअप घ्यायची, असं ठरलं.

क्लच मुबारकबींनी एकदाच दाबला होता, तेव्हा टेम्पो शेजाऱ्याच्या कुंपणात जाऊन बसला होता. पिकअप आली की कोल्हारचा चहा संपला, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

त्यांची मुलगी सबिहा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. दिवा लागतो एवढ्यावर तिचं समाधान होईना. तो कधी लागतो, कधी लागत नाही, हे तिला हवं होतं. ती आईशेजारी बसून निघाली.

"अम्मी, येताना कधी लागलाय का?"

"येताना न्हाई. येताना ती खुशीत असती. तुज्या खालाचा चहा तिलाबी मानवतो."

गनीभाईंचं मत, जाताना ओझं असतं म्हणून. सबिहानं त्या दिवशी येताना मावशीकडची गव्हाची दोन पोती मागं टाकली. मावशी विचारत राहिली, गहू कशाला? दिवा काही लागला नाही. म्हणजे ओझं नव्हे. मग जाण्यात आणि येण्यात दुसरा फरक काय?

फरक होता गोधडीचा. सीट फुलांच्या पाण्यानं खराब होऊ नये म्हणून मुबारकबींनी मागच्या सीटच्या मापाची जाड गोधडी शिवली होती, चारी बाजूंनी नीट खोचलेली. येताना मात्र ती ओली असल्यानं घडी करून पुढं ठेवत.

पुढच्या खेपेला दिवा लागताच सबिहानं गाडी कडेला घ्यायला लावली आणि गोधडीची एक कड उचलली. सीटच्या बाजूला एक काळी जाळी होती. पेटीतून सांडलेली गुलाबाची पाकळी आपसूक सरकत गेली आणि जाळीला चिकटली. आत पंखा होता. गाडीतली गार हवा ओढून तो बॅटरीला देत होता, आणि अम्मीनं त्याच्या तोंडावर गोधडी खोचून ठेवली होती.

सबिहानं हातातली गोधडीची कड निरखली. अम्मीनं हिवाळाभर दिव्याखाली बसून घातलेले टाके होते ते.

"म्हंजे मीच व्हय तिचा गळा दाबला?" मुबारकबींनी विचारलं.

"काळजीनं दाबलास," सबिहा म्हणाली.

शिर्डीपर्यंत त्या उघड्या सीटवर पेट्या ठेवून गेल्या. थोड्या वेळानं दिवा विझला तो पुन्हा लागला नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं पंखा उघडून आतली धूळ न् सुकलेल्या पाकळ्यांचा चुरा काढला. बॅटरी अजून काही वर्षं निघेल, म्हणाला, पण पंखा दर वर्षी साफ करा. कधीतरी ती बदलावी लागेलच, हेही सबिहानं अब्बांना लपवलं नाही. गनीभाईंनी हिशेब मनात केला, आणि काष्टीवाल्याला फोन करून सांगितलं की गाडीचा मालक आता बदलला आहे, विकायची की नाही ते तीच ठरवणार.

मुबारकबी ओट्यावर कात्री घेऊन बसल्या. गोधडी अंथरून त्यांनी जाळीच्या जागेवर खडूनं चौकोन आखला, कापला, कडेला लाल काठ दुमडून शिवला. कापलेला तुकडा हातात धरून त्या हसायला लागल्या.

"बघ गं सबिहा. हा तुज्या अब्बांचा सदरा."

गनीभाई जवळ येऊन निरखू लागले. निळ्या चौकड्यांचा होता खरा.

"तरीच," मुबारकबी म्हणाल्या. "मी म्हटलं, माज्या गाडीचा गळा कोन दाबून बसलाय."