चवथीचे कागद

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि गणपतीची चवथ लांबत लांबत एकोणीस सप्टेंबरवर गेली. मी तेव्हा बहात्तर वर्षांची होते. कान शाबूत होते आणि आठवण तर अशी, की गोव्यातल्या आमच्या धारगळात कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, कुणाची शेतं कुणाला गेली, हे विचारायला लोक माझ्याकडे येत.

माझी नात गौरवी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचं शिक्षण इतर मुलांसारखं नव्हतं. सोमवार ते गुरुवार कारखान्यात काम, शुक्रवार-शनिवार कॉलेज. कारखान्यातलं कामच अभ्यास म्हणून धरलं जाई आणि चार वर्षांनी पदवी मिळे. मात्र कारखान्याने शेरा वाईट दिला, तर कॉलेजातले गुण कितीही चांगले असोत, पदवी नाही.

कारखाना डिचोली तालुक्यात, सुर्ल्याच्या बाजूला. खाणीच्या खड्ड्यांत साठणारं पाणी उपसायचे पंप तिथे दुरुस्तीला येत. पाववाला पोदेर सकाळचे उंडे घेऊन दारात यायच्या आधी गौरवी घरातून निघायची. म्हापशाला एक बस बदलायची, डिचोलीला दुसरी. संध्याकाळी परतली की नखांत काळं तेल. सून म्हणायची, "लग्नाच्या वयाच्या मुलीचे हात बघा." गौरवी म्हणायची, "आई, या हातांनी उघडलेला पंप परत जोडला की आवाज करत नाही. तुझा मिक्सर बघ कसा बोंबलतो." आणि रविवारी तिने तो मिक्सर खोलून नीट केलाही.

तिला त्या कारखान्यात लावून दिलं होतं सगुणने. सगुण तिथे सुपरवायझर. आमच्या शेजारच्या कमलाक्षीचा मुलगा. शेजारचा म्हटलं तर कमीच होईल. १९७५ साली माझा श्रीनाथ चाळीस दिवसांचा असताना मला विषमज्वर झाला. महिनाभर मी शुद्धीत नव्हते. तो महिना कमलाक्षीने एका बाजूला सगुणला आणि दुसऱ्या बाजूला श्रीनाथला घेऊन दूध पाजलं. गौरवीचा बाप जगला तो असा.

तिसऱ्या वर्षाला गौरवीकडे पंप चालवून बघायच्या मशीनची तपासणी आली. रोज सकाळी मशीनभोवती फिरायचं, पट्ट्यावरची लोखंडी जाळी जागेवर आहे की नाही, बंद करायचं बटण चालतं की नाही, हे बघून कागदावर खुणा करायच्या आणि सही करायची. तिची सही असल्याशिवाय त्या दिवशी मशीन सुरू करायचं नाही, असा नियम.

चवथीच्या आदल्या दिवशी, तयेला म्हणजे हरतालिकेला, मी आणि सून नेवऱ्या, करंज्याच त्या, करत बसलो होतो. श्रीनाथ गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं आणायला गेला होता. अकराच्या सुमाराला गौरवीचा फोन आला. माझे हात पिठात, म्हणून सुनेने फोन पाटावर ठेवून आवाज मोठा केला आणि ती चुलीकडे गेली.

"आजी, सगुणकाका म्हणतात पुढच्या तीन दिवसांच्या कागदांवर आजच सह्या करून जा. मी बघितलंच नाही तर सही कशी करू?"

मागून सगुणचा हसण्याचा आवाज आला. त्याने फोन घेतला. "काकी, तुझ्या नातीक जरा समजाव गो. चवथीचे कागद आम्ही दरवर्षी असेच करून ठेवतो. वीस वर्षं झाली. मशीन काय चालूच व्हायचं नाय. पण एखादा पंप घाईने पाठवायचा झाला तर कागदावाचून अडू नये, एवढंच. ही कोर्टात साक्ष दिल्यासारखी थरथरता. हिची सही म्हणजे काय गव्हर्नराची?"

"काका, मग तुम्हीच करा ना," गौरवी म्हणाली.

"माझी खाली असताच. वर तपासणाऱ्याची लागता. सही करायची नसली तर राहा इथे चवथीला. मी तुझ्या आईक सांगतो, माटोळी तूच बांध."

मला हसू आलं. खरंच आलं. माटोळी बांधायला गौरवीच लागे, शिडीवर चढून सुपाऱ्यांचे घोस तीच नीट लावायची. मी म्हटलं, "कर गो सही आणि ये. सगुण काय परका आहे?"

ती "बरं," म्हणाली.

ती दुपारी घरी आली. माटोळी छान झाली. आमचा गणपती दीड दिवसाचा. बुधवारी संध्याकाळी विसर्जनाची आरती चालू असताना श्रीनाथला फोन आला.

एका खाणीवर पाणी चढलं होतं आणि त्यांचा पंप लगेच हवा होता. कारखान्यात माणसं नव्हती. होता तो सदाशिव, दोडामार्गकडचा. त्याच्या घरी सुतक होतं, त्यांची चवथ त्या वर्षी नव्हती, म्हणून त्याने ड्यूटी घेतली होती. सोमवारी गौरवी निघाल्यावर कुणीतरी पट्टा बदलायला जाळी काढली आणि ती परत बसवलीच नाही. सदाशिवने आधी कागद बघितला. नियमाने बघितला. जाळी जागेवर असल्याची खूण, खाली गौरवीची सही. त्याने मशीन सुरू केलं, पंपाकडे वाकला आणि त्याचा उजवा हात पट्ट्यात गेला. तीन बोटं गेली.

सगुणने लिहून दिलं की त्याच्यापुढे कागद आले तेव्हा तारखा त्याने बघितल्या नाहीत. मुलीला लवकर घरी जायचं होतं, तिने स्वतःच सह्या केल्या.

चौकशी कॉलेजात ठेवली होती. गौरवीने फोनचं सांगितलं. त्यांनी कळवलं, आजीला घेऊन ये.

आदल्या दिवशी कमलाक्षी आली. रिकाम्या हाताने ती आमच्या घरी कधी आली नव्हती, त्या दिवशी आली. ओट्यावर बसली. "पद्मावती, सगुणवर पोलिस केस होतली म्हणतात. त्याच्या लेकीचं, प्रियाचं लग्न ठरलंय. गौरवीचं काय गो, वीस वर्षांची आहे, दुसरं काय तरी शिकेल." दुधाचा तिने शब्द काढला नाही. काढायची गरज नव्हती. श्रीनाथ दारात उभा होता. ती गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, मी काय सांगू? तूच बघ."

चौकशीला दोन प्राध्यापक आणि कारखान्याचा एक माणूस होता. प्राध्यापकबाई चांगल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. मग विचारलं, "आजी, सगुण यांनी सह्या करायला सांगितलं, हे तुम्ही फोनवर स्वतः ऐकलं का?"

मी म्हटलं, "चवथीची घाई होती. मला नीट आठवत नाही."

"तुम्ही स्वतः काही बोललात का नातीशी?"

"आठवत नाही."

गौरवी माझ्या शेजारी बसली होती. तिने रडणं-ओरडणं काही केलं नाही. प्राध्यापकबाईंना म्हणाली, "मॅडम, आजीला माझी पहिलीतली बाराखडीची वही कुठल्या कपाटात आहे ते आठवतं."

परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असून ती पुढे जाऊन उभी राहिली. म्हापशापर्यंत उभीच होती.

महिन्याने पत्र आलं. खोटी नोंद केल्यामुळे कारखान्याने तिला काढलं होतं आणि सव्वादोन वर्षांचं काम धरलं जाणार नव्हतं. पुन्हा शिकायचं असेल तर पहिल्या वर्षापासून, आणि कारखाना तिने स्वतः शोधायचा. तिने तीन ठिकाणी विचारलं. तिघांनीही आधीच्या कारखान्याचा शेरा मागितला.

आता यातलं कोण कुठे आहे ते सांगते. सगुणला बढती मिळाली. प्रियाचं लग्न झालं, आम्ही सगळे गेलो होतो, गौरवी सोडून. सदाशिव गावी काजूच्या बागेत राखणीला असतो. त्याला अजून वाटतं की एका निष्काळजी मुलीने त्याचा हात घालवला. त्याला कुणी दुसरं काही सांगितलेलं नाही. कमलाक्षी मागच्या पावसाळ्यात वारली. शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, मला मात्र ओळखायची आणि माझा हात सोडायची नाही. श्रीनाथ सगुणशी बोलतो, पण त्याच्या घरी जेवत नाही.

गौरवी पुण्याला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत हेल्पर आहे. काम ती करते, शिकाऊ मुलांनाही तीच शिकवते. ती मुलं पदवीवाली, वर्षभरात तिचे साहेब होतात. बापाला रविवारी फोन करते.

मी गेल्या मे महिन्यात एकटी कॉलेजात गेले. त्या दिवशी फोनवर सगुण काय बोलला, गौरवी काय बोलली आणि मी काय बोलले, सगळं माझ्या हाताने लिहून नेलं होतं. क्लार्कने कागद घेतला, शिक्का मारून पोच दिली. म्हणाला, फाइल बंद झाली आहे, पण लावून ठेवतो. उत्तर आलं नाही. त्या रविवारी मी श्रीनाथकडून फोन घेतला आणि गौरवीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"एवढ्या उन्हात कशाला गेलीस?" म्हणाली, आणि बाबाला फोन दे म्हणाली.