भट्टीच्या तोंडाशी कोण बसणार

"भामे, तू आज मागं बस गं. लाकडाच्या ढिगापाशी."

मीठ संपलंय सांगावं इतक्या सहज तुळजाबाईनं हे सांगितलं. भामाबाई पिझ्झ्याचं पीठ तिंबत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"मागं? कावून?"

"रविराज म्हनतोय. आज केजचे पाव्हणे हायेत, जुन्या वळनाची मानसं. पीठ कुनी मळलं म्हनून एखाद्यानं इचारलं, तर... तुला कळतंय न्हवं?"

न कळायला काय झालं? भामाबाई बौद्ध, भीमनगरात राहणारी. तुळजाबाई गावातल्या जमीनवाल्या घरची. पण दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या आणि अठ्ठावीस वर्षं एका बांधावर बसून एकमेकींची भाकरी खाल्ली. तुळजाबाईला 'तुळजे' अशी एकेरी हाक मारणारी अख्ख्या भीमनगरात भामाबाई एकटी, आणि त्याचा तिला कोण तोरा होता!

तुळजाबाईचा पोरगा रविराज शेतावर दर रविवारी बाहेरगावच्या पाव्हण्यांना जेवणावळी घालायचा. पुण्याच्या बेकरीत राहून आलेल्या पौर्णिमानं, भामाबाईच्या सुनेनं, या दोघींना पिझ्झा शिकवला, तेव्हा मातीची भट्टी घालायचं दोघींनीच ठरवलं. गावातल्या निम्म्या चुली भामाबाईच्या हातच्या. तिनं ओल्या वाळूचा ढीग रचला, वरून भुसा-शेण कालवलेली माती थापली, माती आवळल्यावर तोंडातून वाळू उपसली. मग वीस दिवस रोज कपाशीच्या मूठभर वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, कारण ओली भट्टी एकदम तापवली की तडकते.

"तोंडाशी तूच बसायचं," तुळजाबाई तेव्हा म्हणालेली. "मी चारचौघांत सांगनार, ही माज्या भामेनं घातली."

भामाबाईला दुसरं काही नको होतं. चुली घालण्यात हयात गेली, पण चार लोकांत कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी ती वीस दिवस राबली होती.

ती मुकाट्यानं मागं जाऊन बसली. गावभर जिच्या तोंडाला लागायला लोक भ्यायचे, तिला आज भांडायचंही सुचेना. पुढून तुळजाबाईचा आवाज येत होता. "सगळं घरचंच हाय. भट्टीबी मीच घातली. सासूनं शिकिवलंवतं."

सासूनं! ती म्हातारी तर आयती चूल भामाबाईकडून घालून घ्यायची.

थोड्या वेळानं करपल्याचा वास आला आणि रविराज धावत मागं आला. "मावशी, चला बरं पुढं. बूड काळं पडतंय अन् वरून कच्चंच ऱ्हातंय!"

जाऊ नये असं तिला फार वाटलं. पण आपल्या भट्टीत अन्न करपतंय हे तिला सोसवेना. पुढं येऊन तिनं निखारे कडेला सारले, तळावर चिमूटभर पीठ टाकलं. ते काळं पडलं. ती थांबली. पुन्हा टाकलं, यावेळी तांबूस झालं, तसा तिनं पिझ्झा आत सरकवला. मागोमाग गव्हाच्या जाड रोट्या टाकल्या. पाव्हणे बोटं चाटून खाऊ लागले. पीठ कुणाच्या हातचं, हे एकानंही विचारलं नाही.

एक पांढऱ्या केसांचे पाव्हणे तेवढे ताट घेऊन भट्टीपाशी आले. "ह्या कोन?"

भामाबाईनं तुळजाबाईकडं पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती.

"ही व्हय?" तुळजाबाईनं पदर सावरला. "आमच्याकडं कामाला येती."

भामाबाईनं भाजलेली रोटी बाहेर काढली.

"तसं न्हवं," पाव्हणे म्हणाले. "मला बी शेतात अशीच भट्टी घालायचीय. हिचा हात बसलेला दिसतो, म्हनून इचारलं. वाळू किती घेतली, भुसा किती?"

तुळजाबाईनं भामाबाईकडं पाहिलं.

"मला काय ठावं, दादा?" भामाबाईनं हाताचं पीठ झटकलं. "मी कामाला हाय. ज्यांनी घातली त्यास्नी इचारा."

पाव्हणे तुळजाबाईकडं वळले आणि वाट बघत उभे राहिले. तिनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

भामाबाईनं तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत.

"येते मी, तुळजाबाई."

"भामे... ए भामे, थांब की!"

भामाबाई बांध ओलांडून वाटेला लागली होती.