दोरीच्या दुसऱ्या टोकाला

आत्या साठी उलटल्यावर पळायला लागली, आणि याला कारण तिचा भाचा. त्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. पण शटर वर जायच्या आधी, भल्या सकाळी, तो दहा-बारा पोरापोरींना घेऊन कालव्याच्या काठाने मैलोन् मैल पळायचा. कुणी चोरीत सापडलेलं, कुणी शाळेतून काढलेलं, कुणापुढे घरच्यांनीच हात टेकलेले. मुलांच्या कोर्टातल्या मॅडम त्यांना त्याच्याकडे पाठवायच्या.

"पळून काय होतं रे त्यांचं?" आत्याने एकदा विचारलं होतं.

"पहिल्या मैलाला मला शिव्या देतात, दुसऱ्याला रडगाणं गातात. तिसऱ्याला गप्प होतात, आणि मग कधीतरी एखादं पोर आपणहून बोलायला लागतं. दम लागला की थापा मारायला जीव उरत नाही, आत्या."

मग मलाही ने, असं आत्या म्हणाली, आणि तिने भाच्याचा पिच्छाच पुरवला. लहानपणी तापात तिचे डोळे गेले होते. तेव्हापासून 'नको, पडशील' हे ऐकत ऐकतच ती म्हातारी झाली होती.

तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्या काळी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवून तास न् तास ताटकळावं लागे, आणि एकदाचा लागला की लोक जणू त्या गावापर्यंत नुसत्या आवाजाने पोचायचंय असे ओरडत. मध्ये बसून कॉल जोडून देणाऱ्या आत्याने किती बारशी, किती मरणं, किती रुसवेफुगवे ऐकले असतील, गणती नाही. 'निघालोच, पोचतोच' म्हणणारा अजून घरात निवांत चहा पितोय, हे तिला बशीच्या आवाजावरून कळे. त्यामुळे भाच्याने त्यांतली एक पोरगी तिच्या हवाली केली, तेव्हा तिचं पाणी ओळखायला आत्याला वेळ लागला नाही.

पोरगी सोळा वर्षांची. बाकीची पोरं तिला 'रेडिओ' म्हणत, कारण ती सतत काहीतरी सांगत असे आणि त्यातलं निम्मं तिने तिथल्या तिथे रचलेलं असे. आई-बाप नाहीत, मामाकडे राहायची. मोठ्या पोरांनी चोरलेले मोबाइल ती दप्तरातून इकडचे तिकडे पोचवायची, त्यात पकडली गेली. काही महिने सुधारगृहात काढले. आता कोर्टाने एक संधी दिली होती: रोज पळायला यायचं, आणि त्या पोरांशी एक शब्दही बोलायचा नाही. बोललीस तर परत सुधारगृह. तिथल्या दिवसांबद्दल ती कधी काही सांगत नसे. इतकंच एकदा म्हणाली होती, की तिथे दाराची कडी बाहेरून असते.

"तुझा नि तिचा वेग जुळतो," भाचा म्हणाला. "तू म्हातारी म्हणून हळू, ती आळशी म्हणून."

बुटाच्या नाडीला दोन टोकांना फास केले होते. एक आत्याच्या बोटांत, दुसरा पोरीच्या. बाजूबाजूने पळायचं आणि वाटेत जे येईल ते पोरीने बोलून सांगायचं. पहिल्याच दिवशी तिने पांढरा घोडा दाखवला, मग नवरीची गाडी, मग कालव्यात पोहणारा पोलीस. आत्या हसून हसून बेजार.

"हे बघ," ती म्हणाली, "गुडघ्याच्या वर काय वाटेल ते दाखव, माझी करमणूक होते. गुडघ्याखाली मात्र जे असेल तेच सांगायचं. तिथे मी पाय टाकते."

पोरगी आणखी दहा-बारा पावलं पळाली. मग म्हणाली, "डावीकडे खड्डा."

आणि खरंच खड्डा होता. पुढे कित्येक आठवडे असंच चाललं. वर हत्ती-घोडे, आणि खाली खडी, चढ, पायरी, ओलं. वाटेचं ती कधी एका शब्दाने चुकली नाही.

मग एके सकाळी एक स्कूटर मागून आली आणि पुढे गेलीच नाही. इतकी हळू स्कूटर कुणी उगाच चालवत नाही. बाजूने येत एकजण हलक्या आवाजात म्हणाला, "काय रेडिओ, ओळख विसरलीस का?" नाडी एकदम ताठ झाली. हत्ती-घोडे थांबले, खाचखळगेही थांबले. आत्या 'अगं, बोल' म्हणणार, तोवर उखडलेल्या फरशीत तिचा पाय अडकला आणि ती हातावर आपटली.

मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालत असताना पोरगी भाच्याला सगळं सांगत होती. काळा कुत्रा अंगावर धावून आला, त्याचा एक कान तुटका होता, तिने दगड मारून त्याला पळवलं. इतकं ओघाने सांगत होती की प्लास्टर घालणारासुद्धा हात थांबवून ऐकू लागला. आत्याने मात्र कुत्रा ऐकला नव्हता. तिने तोंड मिटून घेतलं.

आत्याचं पळणं बंद झालं तरी पोरगी तिसऱ्या दिवशी दाराशी हजर. चला, चालून येऊ, म्हणाली. कालव्यापर्यंत तिने पायाखालचं सगळं सांगितलं, वरचं काहीच नाही. बाकावर बसल्यावर मग आपणहून सुरुवात केली. ती पोरं रोज संध्याकाळी मामाच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहतात. शेवटचं एकदा पोचव म्हणतात, नाहीतर धाकट्या मामेभावाला बघून घेऊ.

"मॅडमना सांग," आत्या म्हणाली.

"त्या परत पाठवतील."

"पाठवतीलही."

"तुम्ही म्हणा ना, नाही पाठवणार म्हणून."

आत्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हणायला काय जातंय? सगळा जन्म लोकांनी तिला असंच तर सांभाळलं होतं. "मला खरंच माहीत नाही गं," ती म्हणाली. "मी होऊन काही सांगणार नाही. पण कुणी विचारलंच, तर कुत्रा नव्हता एवढं म्हणेन."

शनिवारी, पोरीच्या हजेरीच्या दिवशी, मॅडमच्या खोलीत आत्या, भाचा आणि पोरगी अशी तिघं बसली. पंखा कुरकुरत होता. हात कसा मोडला, असं मॅडमनी विचारलं, आणि पोरगी सुरू झाली: काळा कुत्रा, तुटका कान. दगडापर्यंत आली आणि अडखळली.

"कुत्रा नव्हता," पोरगी स्वतःच म्हणाली.

मग स्कूटरपासून मामेभावापर्यंत सगळं सांगून टाकलं, कुठे मीठमसाला न लावता. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. सांगितलंस ते चांगलं केलंस, त्या पोरांचं मी बघते, असं म्हणाल्या. पण मामाचं घर त्यांना माहीत आहे, तिथे आता तुला ठेवता येणार नाही, आणि माझ्याकडे सुधारगृहाशिवाय दुसरी जागा नाही.

"मग सांगून काय मिळालं?" पोरगी मॅडमना नाही, आत्याला विचारत होती.

आत्या मॅडमच्या आवाजाकडे वळली. "माझी मागची खोली रिकामी आहे," ती म्हणाली.

भाच्याला खोकला आला. मॅडमनी अगदी सौम्यपणे विचारलं, की तुम्हाला दिसत नाही, त्यात हात मोडलेला, सोळा वर्षांच्या मुलीवर लक्ष कसं ठेवणार?

"लक्ष तीच ठेवते," आत्या म्हणाली. "माझ्यावर. आजपर्यंत एकदाच चुकली, आणि का चुकली ते आत्ता तुम्हाला तिनेच सांगितलं."

पुढच्या तारखेपर्यंत, म्हणजे दोनच महिने, असं ठरलं. मॅडम कधीही, न सांगता येऊन बघणार. त्यानंतरचं कोर्ट ठरवेल.

मामाने पिशवी आणून दिली आणि तो सुटल्यासारखा निघून गेला. संध्याकाळी पोरीने मागच्या खोलीचं बटण दाबलं, मग मधल्या, मग स्वयंपाकघराचं. कुठेच दिवा लागेना. आत्याच्या ध्यानात आलं, सोबत राहणारा भाऊ गेल्यापासून इथे बल्ब बदलायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं. भाचा धावत जाऊन तीन बल्ब घेऊन आला, स्टुलावर चढला, आणि पोरगी खोल्याखोल्यांतून फिरली. 

"आत्या, तुमच्याकडे लोक येतात ना?"

"येतात की."

"ते घराला काय म्हणतात?"

"आरशासारखं ठेवलंय म्हणतात."

"छताला सगळीकडे जळमटं आहेत. भिंतीवर तेलाचे ओघळ आहेत, आणि फडताळावर एवढी धूळ, की नाव लिहिता येईल."

भाचा स्टुलावरच घुटमळला.  इतक्या वर्षांचे पाहुणे, शेजारणी आणि स्वतः हा भाचा आत्याच्या मनात येऊन गेले.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "झाडू दारामागे आहे. आणि तू, उतरू नकोस वरून. जळमटं तू काढ."