आरपार टोमॅटो

नवऱ्याने हाताने घडवलेली महागडी सुरी विकत आणली, तेव्हापासून वहिनींच्या सिंकमध्ये धार लावायचा दगड भिजत असे आणि खरकटी भांडी ताटकळत. सुरीला हात लावायची मुभा फक्त नवरोबांना. धाकटा दीर जेवायला आला, तर यांनी टोमॅटोची चकती उजेडात धरली. "बघ, आरपार दिसतं!" असं दाखवता दाखवता टोमॅटो संपले, पण भाजी काही शेगडीवर चढेना. दीर भुकेने रडकुंडीला आला.

शेवटी वहिनींनी सुरी हिसकावली आणि स्टीलच्या ताटातच पाव कराकरा कापला.

"अगं, धार गेली!" नवरा कळवळला.

"लावत बसा. आम्ही जेवून घेतो."

तो खरंच दगड घेऊन बसला. दीर-भावजय मात्र पावात त्याच आरपार चकत्या घालून व्याख्यानाशिवाय पोटभर जेवले.