सात महिन्यांची रिंग

त्या काळी, म्हणजे १९८६ साली, सातपूरच्या कामगार वसाहतीत सुमनबाईंच्या ओळीत टीव्ही एकच होता, आणि तो त्यांच्याकडे. नवरा, झुंबरराव, गेल्यावर तीन वर्षांनी भावाने आणून बसवला. "एकटी असतेस, घरात आवाज तरी राहील," म्हणाला. आवाज राहायचा खरा. पण रविवार सकाळ सोडली, तर तो आपला आपलाच बोलत असायचा.

रविवारी सकाळी अंतराळावरची एक हिंदी मालिका लागे. शेजारच्या कुसाबाई कणकेची परात झाकून तशाच येत, चिमाजी वायरमन कानाला लागलेला दाढीचा साबण पुसत येई, पोरं दाराशी चपलांचा ढीग करत. मालिकेत एक देखणा इंजिनियर होता. पांढरा कोट, कपाळावर बट. अडचण आली की तो फळ्यावर आकडे लिही, बाहीने पुसे, पुन्हा लिही आणि शेवटी खडू फेकून ओरडे, "मिल गया!" की मागचे सगळे टाळ्या वाजवत.

"याच्या कोटाला एक डाग नाही पडत बघा," सुमनबाई म्हणत.

"डाग कशाला पडंल? साहेब हाय त्यो," कुसाबाई म्हणत. "तुम्हाला उगं खोट काढायची सवय."

"आणि मागचे ते दिवे लग्नाच्या मांडवातले आहेत," चिमाजी सांगे. "असल्या माळा मी शंभर लावल्यात. हे निघालेत रॉकेट उडवायला!"

सुमनबाई खोट काढत नव्हत्या. त्या शोधत होत्या. झुंबरराव जवळच्याच एका लहानशा वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर होते. एकोणऐंशी साली तिथे रॉकेटच्या कुठल्याशा झडपेत बसणाऱ्या रिंगचं काम आलं, आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ते रोज तीन-तीन, चार-चार तास उशिरा घरी येऊ लागले. विचारलं की म्हणत, "काम होतं." कसलं, ते नाही. नवरा-बायकोत जे थोडंफार बोलणं होतं, तेही त्या सात महिन्यांत आटलं. लेकरू नव्हतं, त्यामुळे मध्ये बडबड करणारंही कुणी नव्हतं. सुमनबाईंच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. पुढे रिंगचं काम संपलं, उशीर थांबला, बोलणं मात्र परत आलं नाही. आणि त्र्याऐंशीत झुंबररावच गेले.

त्या सात महिन्यांत हा माणूस काय करत होता, एवढं एकदा कळावं, म्हणून त्या दर रविवारी टीव्हीसमोर बसत. फळा दिसे, लाल दिवा लागलेला टेलिफोन दिसे, भिंतभर नकाशे दिसत. वर्कशॉप काही दिसत नसे.

एप्रिलमधल्या एका रविवारी गोटीराम आला. झुंबररावांच्या शेजारच्या मशीनवर त्याने दहा वर्षं काढलेली. मुलीच्या, मैनाच्या, लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. "जयभीम वहिनी" म्हणून आत पाऊल टाकतो तोच कुसाबाईंनी त्याला हाताने खाली बसवलं. "आधी बसा. लय कठीण वेळ आलीया."

वेळ कठीण होती खरी. रॉकेटची झडप गळत होती. मोठे साहेब टेबलावर मुठी आपटत होते. देखण्या इंजिनियरने खडू ठेवला, केसांतून हात फिरवला आणि हुकूम सोडला, "नई रिंग बनाओ!"

सुमनबाई पुढे सरकल्या. आता दिसणार.

चित्र बदललं. मखमलीच्या तबकात नवी रिंग चकाकत होती. इंजिनियरने ती चिमटीत उचलली, तिच्यातून आरपार पाहिलं आणि हसला.

"झाली बाई एकदाची!" कुसाबाईंनी सुस्कारा सोडला.

"बनवली कधी?" सुमनबाईंनी विचारलं.

गोटीरामला हसू आवरेना. "चिमटीत धरली की हो यानं! झुंबरभाऊंनी टीव्ही फोडला असता."

"का? हात नाही लावायचा?"

"अजिबात नाही. घासल्यावर रिंग तापते. तापलेली मोजली की माप खोटं. म्हणून मोजायच्या यंत्राशेजारी ठेवून द्यायची, दोन्ही सारखी गार होईपर्यंत. तीन तास, चार तास. मध्ये कुणी हाताळली तर बोटांच्या उबेनंसुद्धा फुगते. म्हणून राखणीला माणूस लागतो. झुंबरभाऊ बसायचे."

"बसून काय करायचे?"

"काही नाही. नुसते बसायचे. मग मोजायचे, आणि बहुतेक वेळा रिंग भंगारात. दीडशे तरी गेल्या असतील अशा. आता हे कोण दाखवणार टीव्हीवर? माणूस बसलाय, रिंग पडलीय. लोक झोपतील, वहिनी!"

चिमाजी हसला. सुमनबाईंनाही हसू आलं. एवढंच होतं तर. बसले होते.

"तुम्ही नाही बसलात कधी?"

"कितीदा म्हटलं, आळीपाळीनं बसू." गोटीरामचे डोळे पडद्यावर होते. "तर म्हणायचे, तू जा, तुझी मैना दारात उभी असेल. माझ्या घरी कोण वाट बघतंय?"

पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले होते. चार, तीन, दोन. पुठ्ठ्याच्या रॉकेटखालून धूर निघाला. पोरांनी दारात टाळ्या पिटल्या.

त्या उशिराच्या दिवसांत सुमनबाई रोज जेवायच्या थांबत. कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजली की दिवा मालवून, भिंतीकडे तोंड करून पडत. आपण ताटकळत होतो हे झुंबररावांना दिसू नये म्हणून. सात महिने त्यांनी ते दिसू दिलं नव्हतं.

मालिका संपली. कुसाबाई परातीच्या ओढीने गेल्या, दारातला चपलांचा ढीग विरळ झाला. गोटीरामने पत्रिका पुढे केली. सुमनबाईंचा चेहरा पाहून तो घोटाळला.

"गमतीनं म्हणायचे ते, वहिनी."

"ते गंमत करत नसत, गोटीरामभाऊ." त्यांनी पत्रिका घेतली, पण उघडली नाही. "कुठं बसायचे?"

"खिडकीशी. स्टुलावर."

"खिडकीतून काय दिसायचं?"

"काय दिसणार? रस्ता, बाभळी. अंधार पडला की तुमच्या वसाहतीतले दिवे दिसायचे."

"आमचा कुठला, ते कळत असेल त्यांना?"

गोटीरामने खरंच विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"एवढ्या लांबून नाही कळत, वहिनी," तो म्हणाला. "सगळे सारखेच दिसतात."