मशीनने विचारलं होतं

वासंती लेले ठाण्यातल्या खोपटच्या एका खासगी लॅबमध्ये बारा वर्षं रक्त तपासत होती. १९९३ साली लॅबचे मालक डॉ. सबनीस यांनी तिथे कॉम्प्युटर आणला. आकडे भरले की तो चार-दोन प्रश्न विचारायचा आणि आजाराचा अंदाज छापून द्यायचा.

मे महिन्यात वासंती रजेवर असताना बाळकुमच्या जनाबाई कोळणीचं रक्त आलं. पाय दुखतात एवढीच तिची तक्रार. रिपोर्टात पोटॅशियम भलतंच जास्त, आणि खाली छापलेलं : मूत्रपिंड निकामी होत असावं, ताबडतोब दाखल करा. घरच्यांनी दाखल केलं. जनाबाईने सासरी दिलेल्या दोन्ही मुलींना शेवटचं बघायला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलने पुन्हा रक्त तपासलं, तर सगळं ठीक.

तिचा मुलगा मोरू दोन्ही कागद घेऊन लॅबमध्ये आला, तेव्हा वासंती कामावर परतली होती. तिने फ्रिजमधली जनाबाईची नळी काढली. वरचं पिवळं पाणी लालसर झालेलं. रक्त उन्हात पडून राहिलं की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. नमुना लालसर आहे का, हे कॉम्प्युटरने विचारलं होतं. उत्तर होतं ‘नाही’. त्या महिन्यात प्रत्येक नमुन्याला ‘नाही’च. वेळ जातो म्हणून डॉक्टरांनीच तसं दाबायला सांगितलं होतं, असं तिच्या जागी बसलेल्या मुलाने कबूल केलं.

वासंतीने नळी आणि दोन्ही कागद उचलले. ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. मशीन नवीन आहे, चुकतं कधीकधी, असं मोरूला सांगून टाका, म्हणाले ते.

“मशीनने विचारलं होतं, सर. खोटं उत्तर आपण दिलं.”

हे मोरूला लिहून देऊ या, असं ती म्हणाली, तर असं काही लिहून मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. तिने लॅबच्या कागदावर स्वतःच लिहिलं, सही केली आणि मोरूबरोबर बाळकुमला जाऊन जनाबाईला वाचून दाखवलं.

जनाबाईने कागद घेऊन मोरूच्या हातात दिला. मग म्हणाली, “माज्या पोरी दोन दिस रडल्या. तुमच्यातल्या कोनाला नली उचलून बघायला डोले नव्हते?”

 लॅबमध्ये परत येऊन वासंतीने फ्रिज उपसला. आठवड्याभराच्या नळ्यांत आणखी पाच लालसर निघाल्या. डॉक्टर दारात उभे असतानाच तिने पहिल्या पेशंटला फोन लावला.