अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

दोघी जावांचं आपसांत बोलणं बंद होतं, आणि त्या बळावरच त्यांना नोकरी लागली होती.

त्या काळी आकडेमोडीच्या कचेरीत प्रत्येक मोठं गणित दोघींना वेगवेगळं करायला देत. उत्तरं जुळली की बरोबर. आधीची जोडी जिवलग मैत्रिणींची. चहा पिता पिता दोघींनी मिळून एकच चूक केली, आणि ती छापूनही आली. तेव्हापासून साहेबांना अबोला हवा होता, तोही कट्टर.

"मध्येच गोडी झाली तर?" साहेबांनी मुलाखतीत विचारलं.

"छे हो," धाकटी म्हणाली. थोरलीने भिंतीकडे बघून मान डोलावली.

खोलीच्या दोन टोकांना, भिंतीकडे तोंड करून, दोघी आपापल्या गणितयंत्राचं हँडल फिरवत. एकदा ५८८२३५३ हा आकडा आला. त्याला कशाने भाग जातो का, एवढंच बघायचं होतं. आठवडाभर भागून पाहिलं, जात नव्हता. मूळ संख्या. उत्तरं जुळली, काम संपलं.

धाकटीच्या डोक्यातून मात्र तो जाईना. चाळा म्हणून तिने त्याचे दोन तुकडे केले, ५८८ आणि २३५३. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घेतली, तर तोच आकडा पुन्हा समोर उभा!

"आकडा परत आला," तिने जेवताना नवऱ्याला सांगितलं.

"कुठे गेला होता?"

सासूबाई म्हणाल्या, "मुळात तोडलास कशाला? चांगला होता की."

घरात हे कळणारं माणूस एकच, आणि ते मोरीत भांडी घासत होतं. बोलावं तर नोकरीवर पाणी. न बोलावं तर पोट फुगणार. धाकटी मोरीत गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

थोरलीचा हात थांबला. "मूळ संख्या आहे. चाराने भागून एक उरतो. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेत ती एकाच रीतीने फुटते. दुसरी रीतच नाही."

"आणि ती एकुलती एक रीत अंगावर लिहूनच आलीय!"

"गधडे, हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही बोलत कुठे होता?"

सकाळी दोघींनी साहेबांना खरं ते सांगून टाकलं.

"परत भांडता नाही का येणार?"

"पाहिलं करून," थोरली म्हणाली. "हसू येतं."

धाकटीची बदली पाकिटांवर पत्ते लिहिण्याच्या खोलीत झाली. हँडलची सवय लागलेला तिचा हात दिवसभर उगाचच हवेत फिरत राहिला.

संध्याकाळी थोरली फाटकाशी तिची वाट बघत उभी होती.

"सतराने गुणलास का गं त्याला?"

"नाही."

"मग गुण की. आण ती पिशवी, मी धरते."

धाकटीने चालता चालता तोंडी गुणायला घेतलं आणि रस्त्यातच थांबली. आधी एक, मग नुसती शून्यंच शून्यं, आणि शेवटी पुन्हा एक. दहा कोटी एक.

"जाऊबाई, हे कधी सापडलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि आठवडाभर गप्प बसलात?"

"त्याचाच तर पगार होता," थोरली म्हणाली.